दुखणे थांबवण्याची किंमत

दिवाळी आटोपली की नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड, लोहा आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरवर लादलेल्या संसारात पीठमीठ असते, कोयता असतो, आणि अंगदुखीच्या गोळ्याही असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत एका दिवसाचा खाडा परवडत नाही. कंबर धरली, खांदा भरून आला, तरी पहाटेच्या अंधारात फडात उभे राहावेच लागते. अशा वेळी गोळी हे औषध राहत नाही. कोयत्याप्रमाणेच ते श्रमाचे एक साधन बनते. लातूरच्या आडत बाजारात पोती उचलणारा हमाल आणि नांदेडच्या बांधकामावर पाट्या वाहणारी बाई यांचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही.

या गोळ्या वाईट आहेत, असे म्हणण्याचे कारण नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही औषधे सूज व वेदना कमी करतात, आणि योग्य वेळी ती मोठाच आधार ठरतात. प्रश्न आहे तो त्यांच्या कार्यपद्धतीचा. ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात, आणि शरीरातील पाणी घटले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. वेदनेबरोबर हे संरक्षणही गोळी काढून घेते. उपाशीपोटी घेतलेली गोळी जठराला अधिक जाचते. घाम गाळून कोरड्या पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला दुखावते.

म्हणूनच या औषधांचे नियम साधे असले तरी कडक आहेत. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. गोळी जेवणानंतर व भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. या जातीच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वीचा जठरव्रण असेल, अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नयेत. गर्भवतीने, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, त्या टाळाव्यात. डेंग्यूची शंका असलेल्या तापात त्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून मनाई आहे. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, कमी झालेली लघवी, पायांवरची सूज ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठला पाहिजे. पित्ताची गोळी सोबत घेतली म्हणजे सर्व निर्धास्त झाले, ही समजूतही चुकीची आहे; ती जठराला सांभाळते, मूत्रपिंडाला नव्हे.

आता हे नियम फडात नेऊन पाहावेत. जेवणानंतर घ्यावी, पण पहिली मोळी बांधून होईतो भाकरी पोटात जात नाही. पाणी भरपूर प्यावे, पण पाणी दूर असते, आणि आडोसा नसल्याने बायका ते मुद्दाम कमी पितात. थोडेच दिवस घ्यावी, पण हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. प्रत्येक नियमामागे अन्न, पाणी आणि विश्रांती गृहीत धरलेली आहे. ज्याच्यापाशी या तिन्ही गोष्टी नाहीत, त्याला केवळ ‘काळजी घ्या’ म्हणणे ही उपदेशाची चैन होय. लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणीच असे दुर्मिळ होते, तेथे मूत्रपिंडाचा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

दुकानात काय घडते, तेही पाहिले पाहिजे. डायक्लोफिनॅक हे कायद्याच्या ‘एच’ अनुसूचीतील औषध आहे. चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. प्रत्यक्षात पाकीट कातरून चार गोळ्या हातावर ठेवल्या जातात, आणि नाव, मात्रा, मुदत सारे दुकानातच राहते. मग एकच औषध दोन निराळ्या व्यापारी नावांनी एकाच पोटात जाते. हाथी समितीने १९७५ सालीच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली होती. तिची अंमलबजावणी झाली असती, तर हा घोटाळा बराच टळला असता. गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात हे सिद्ध झाल्यावर २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गिधाडांना हे औषध माणसापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे, आणि ती बंदी योग्यच होती. पण पक्ष्यासाठी जागे झालेले शासन मजुराला हे औषध कसे विकले जाते याकडे पाहतही नाही, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गोळीची किंमत दुकानातील दराने ठरत नाही. काही रुपयांची गोळी मजुराला आजच्या दिवसापुरते उभे करते. त्या दिवसाच्या उसाचे उत्पन्न इतरांच्या हिशेबात जमा होते, आणि झिजलेल्या मूत्रपिंडाचे देणे मजुराच्या घरावर उरते. शासकीय योजनेतून डायलिसिस विनामूल्य झाले, तरी आठवड्यातून दोन-तीनदा नांदेडला किंवा लातूरला जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोजगार कोण भरून देणार?

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर येथे ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडाचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला, तेव्हा फडातच पाणी, विश्रांती आणि सावली पुरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. येथेही ते अशक्य नाही. कारखान्याने फडावर पिण्याचे पाणी आणि आडोसा द्यावा. हंगामाच्या आधी व नंतर मजुरांचा रक्तदाब व मूत्रपिंड तपासावे. आजारपणाच्या दिवसाचा खाडा कापू नये. औषध दुकानदाराने गोळीबरोबर तिचे नाव व मात्रा मराठीत लिहून द्यावी. यांतील एकाही मागणीला नव्या संशोधनाची गरज नाही. शरीर दुखते तेव्हा ते विश्रांती मागत असते. ती मागणी मान्य करण्याची मुभा मजुराला मिळेल, तेव्हाच गोळी पुन्हा औषध होईल.