पट्टी कोणती, ते आधी सांगा

मांडूच्या किल्ल्याच्या तटाची लांबी किती? माहितीपुस्तके चाळली, तर कुठे 37 किलोमीटर आढळते, कुठे 45. धारच्या पवारांच्या संस्थानातले हे स्थळ मराठी वाचकाला परके नाही. तरी या तफावतीचे नवल फारसे कुणाला वाटत नाही. पठाराची कडा दऱ्याखोऱ्यांनी कातरलेली, आणि तटही तिच्याबरोबर वळणे घेत गेलेला. असा तट किलोमीटरभर लांबीच्या पट्टीने मोजला, तर आतली वळणे निसटतात. दहा मीटरच्या साखळीने मोजला, तर ती हिशेबात येतात व लांबी वाढते. म्हणून कोणता आकडा खरा, हे विचारण्यापूर्वी पट्टी कोणती, हे विचारावे.

ब्रिटनच्या किनाऱ्याविषयी हाच प्रश्न बेन्वा मान्देलब्रो यांनी 1967 साली मांडला. (वाणिज्य शाखेच्या मित्रांना सांगायला हरकत नाही, की 1963 मध्ये त्यांनी कापसाच्या भावांतील चढउतारांवर लिहिले होते.) पट्टी निम्मी केली की सरळ रस्त्याला दुप्पट पट्ट्या लागतात, म्हणून त्याची मिती 1. लादीची बाजू निम्मी केली की सपाट जमिनीला चौपट लाद्या लागतात, म्हणून तिची मिती 2. वेड्यावाकड्या वस्तूंची मिती मात्र अपूर्णांकात येते. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची 1.25 आहे. अशा आकारांना पुढे फ्रॅक्टल हे नाव पडले.

जैवरेणूंनाही हे माप लागू पडते. 1985 साली लुईस व रीस यांनी लायसोझाइमसारख्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर लहानमोठ्या काल्पनिक गोळ्या फिरवून क्षेत्रफळ मोजले. मिती आली सुमारे 2.4. म्हणजे लादी निम्मी केली, की चौपट नव्हे तर जवळजवळ सव्वापाच पट लाद्या लागणार! जिथे पाण्याचा रेणू शिरतो, त्या खाचेत मोठा रेणू पोचत नाही. औषध प्रथिनाला कुठे चिकटेल, हे अशा खाचांवर ठरते. तेव्हा गोळी केवढी, हे न सांगता दिलेले क्षेत्रफळ अपुरेच होय.

चित्रांचेही तसेच आहे. जेन रिचर्डसन यांनी 1981 मध्ये रूढ केलेल्या फितींच्या चित्रांतून प्रथिनाची घडी चटकन कळते, परंतु पृष्ठभागाचे खाचखळगे त्यांत दिसत नाहीत. ज्या अल्फाफोल्डच्या कर्त्यांना 2024 चे नोबेल मिळाले, त्याच्या चित्रांत गडद निळा रंग म्हणजे भरवसा जास्त, नारिंगी म्हणजे फारच कमी. हे रंग शोभेचे समजून चित्र छापले, की अंदाजही सिद्ध झालेली गोष्ट वाटू लागतो.

कुणी म्हणेल, सामान्य वाचकाला एवढे बारकावे कशाला? माझ्या मते त्यालाच ते अधिक हवेत. तज्ज्ञ स्वतः तपासून घेईल. सामान्य माणसाला छापलेल्यावरच विसंबावे लागते. ताळेबंदात शिल्लक मालाचे मूल्य कोणत्या पद्धतीने धरले, हे टीपेत सांगावे लागते, कारण पद्धत बदलली की नफाही बदलतो. हिशेबाला जो नियम, तो विज्ञानाला का नसावा?

आपल्या विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर आणि या अंकाच्या मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांत एवढा दंडक पाळता येईल: आकड्याखाली मोजपट्टी आणि चित्राखाली त्यात काय वगळले, याची एक ओळ. त्याला खर्च शाईच्या एका ओळीचा आहे.