वाट कोणी आखायची?

पैसे मोजून, जाणकार वाटाड्याबरोबर जुने शहर पायी पाहण्याची चाल पुण्यामुंबईत आता चांगलीच रुजली आहे. चार-सहा जणांचा गट, ठरलेली सकाळ, ठरलेला मार्ग, दोन-तीन तासांची भ्रमंती आणि अखेरीस चहा-न्याहारी, असे तिचे स्वरूप असते. प्रतापगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर ही चाल साताऱ्यात व सांगलीत स्थिरावण्यास फार काळ लागू नये. तिचे स्वागत करावे की तिचा निषेध करावा, असा प्रश्न कार्यकर्त्यांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न अशा रीतीने मांडण्यात अर्थ नाही. शहरातून कोण चालतो, कोणती वाट चालतो आणि वाटेत काय सांगितले जाते व काय वगळले जाते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम या उपक्रमाच्या पदरात जे माप घालावयास हवे, ते मोकळेपणाने घातले पाहिजे. मोटारीच्या काचेतून शहर दिसत नाही. साताऱ्याच्या वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठा, यवतेश्वराच्या कुशीतून उताराने शहरात येणारे कासचे पाणी, जुन्या वाड्यांचे दिंडीदरवाजे, या गोष्टी पायी चालणाऱ्यालाच भेटतात. नगरपालिकांनी ज्या वास्तूंवर साधी नामपाटीही धड लावली नाही, त्यांची माहिती एखादा तरुण पदरमोड करून, दप्तरे चाळून गोळा करतो आणि चार परगावच्या लोकांना सांगतो. त्या कष्टांचे मोल त्याने मागितले, तर त्यात गैर काहीच नाही. असा वाटाडा हा श्रमजीवीच आहे. पावसाळ्यात त्याचे उत्पन्न थांबते, आजारात त्याला भरपगारी रजा नसते आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन नसते. त्याला नफेखोरांच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल.

मात्र मार्ग आखणे हे कधीच निर्हेतुक काम नसते. साताऱ्याची नेहमीची वाट घ्या. अजिंक्यतारा, राजवाडा, संग्रहालय आणि कंदी पेढ्यांचे दुकान, येथे ती बहुधा संपते. २०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या संग्रहालयातून आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आली आणि त्यांच्या दर्शनासाठी लोक लोटले. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे नेमकी हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे त्या लंडनच्या संग्रहालयानेही लपविलेले नाही. शिवरायांविषयीची लोकांची श्रद्धा समजण्याजोगी आहे. परंतु ज्याविषयी शंका आहे अशा वस्तूपुढे रांग लागते आणि ज्याविषयी तिळमात्र शंका नाही अशा नोंदीपुढे शुकशुकाट असतो, तेव्हा वाट आखणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे.

ती नोंद त्याच शहरातील आहे. राजवाड्यातील सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचा प्रवेश झाला. हा दिवस महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयास सुरुवात केली. पण त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि तहान लागली तर नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. १९०१ च्या सुमारास सुट्टीत वडिलांना भेटावयास निघालेला हाच मुलगा भावंडांसह मसूरच्या स्थानकावर उतरला. अंगावर चांगले कपडे होते, खिशात भाड्याचे पैसे होते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण राजी झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने शेजारून पायी चालावे. त्या रात्रीच्या प्रवासात मुलांजवळ अन्न होते, पण ते खावयास पाणी मिळाले नाही. हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

खिशात पैसे असूनही ज्यांना वाट मिळाली नाही, अशांचा हा जिल्हा आहे, हे साताऱ्याच्या कोणत्याही पदभ्रमंतीत सांगितले गेले पाहिजे. ते सांगितल्याने राजवाड्याचे वैभव तसूभरही कमी होणार नाही. उलट त्या वास्तूचा इतिहास पुरा होईल. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस धाडले गेले, त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे उंबरे झिजविले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. या एका मालिकेतून कंपनी सरकारचा न्याय कळतो. शाळेतील गोणपाटावरून आपल्याच समाजाचा न्याय कळतो. एक सांगून दुसरा गाळणारा वाटाडा निम्मेच शहर दाखवितो.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीत जेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. राजवाड्यातील गोणपाटापासून या पंक्तीपर्यंतचे अंतर पायी फार थोडे आहे. ते कापावयास समाजाला मात्र पाव शतक लागले. साताऱ्यात याहून मोलाची वाट दुसरी नाही, आणि तिच्यासाठी प्रवेशशुल्कही नाही.

साताऱ्याचा विचार करताना सांगलीपर्यंत जाणे ओघानेच येते. तासगाव, वाळवे, शिराळे, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा इतिहास आज दोन जिल्ह्यांत विभागला गेला आहे आणि दोन्हीकडे तो अर्धामुर्धाच सांगितला जातो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात तेच घडले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या झुंजीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आले. दादा पुढे मुख्यमंत्री झाले, त्यांचे नाव कारखान्यांना व चौकांना लाभले. पत्रावळे आणि जाधव कोण होते, हे सांगलीतील किती शाळकरी मुलांना सांगता येईल?

सांगलीची रूढ वाट गणपती मंदिरापासून सुरू होते आणि नाट्यपंढरीच्या गौरवापाशी थांबते. विष्णुदास भाव्यांचे 'सीता स्वयंवर' १८४३ मध्ये संस्थानच्या आश्रयाने येथे झाले, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'शारदा' नाटकात म्हाताऱ्याला पोर विकणाऱ्या बापाला रंगभूमीवर उभे केले, हेही याच पंढरीचे देणे आहे. त्याच हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठविली जाई. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या पोत्यांखाली ज्यांच्या पाठी वाकल्या त्या हमालांना मानांकन कोणी दिले नाही. १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या संघटित लढ्यातून आला. बाजारपेठेतून चालताना हळदीचा पिवळा रंग दाखवावयाचा आणि हमालाकडे पाठ फिरवावयाची, याला शहर पाहणे म्हणता येत नाही.

कृष्णाकाठी आयर्विन पुलापाशी तर वाटाड्याने थांबलेच पाहिजे. १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलावरील खुणांवर सांगलीकरांचे पावसाळ्यातील भवितव्य वाचले जाते. पंचेचाळीस फुटांवर धोक्याची पातळी असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा घरे बुडाली. सखल वस्त्यांतील भिंतींवर त्या पाण्याच्या रेषा उमटल्या. त्या रेषाही इतिहासाचेच दस्तऐवज आहेत. पूररेषेच्या आत कोण राहतो, का राहतो आणि नदीपात्राच्या कडेला भराव घालून बांधकामांना परवानगी कोण देतो, हे प्रश्न त्या रेषेपाशी उभे राहून विचारता येतात. वातानुकूलित सभागृहात ते तितक्या स्पष्टपणे सुचत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, सुट्टीसाठी आलेल्या पाहुण्याने पैसे दिले आहेत, त्याला गोणपाट, हमाल आणि पूर यांची कहाणी ऐकावयाची नसते. हा आक्षेप पाहुण्याला कमी लेखणारा आहे. शिवाय तसे उदाहरण जगात आहे. लंडन शहरात २०१० पासून बेघर अवस्थेतून गेलेली माणसे मोबदला घेऊन पाहुण्यांना आपले शहर दाखवितात, आणि लोक आवर्जून त्यांच्याबरोबर चालतात. इतके लांब जाण्याचेही कारण नाही. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेतात आणि गावातील तरुण वाटाड्याचे काम करतात. त्या व्यवस्थेत गर्दीचे, वाटपाचे दोष असतील आणि ते दूर केले पाहिजेत. पण ज्यांची भूमी त्यांनीच ती दाखवावी आणि मिळकत गावात राहावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. जे फुलांसाठी शक्य झाले, ते पेठांसाठी का होऊ नये?

या ठिकाणी कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावयास हवे. इतिहास खासगी हातांत गेला अशी तक्रार करणे सोपे आहे. तो कोणी हिसकावून नेलेला नाही. सार्वजनिक संस्थांनी आणि चळवळींनी तो रस्त्यावर टाकून दिला, तेव्हा कोणीतरी उचलला. जयंतीला पुष्पहार आणि पुण्यतिथीला ठराव एवढ्यावर चळवळींनी समाधान मानले. त्यांनी आपली वाट आखली, तरी तिच्यातही गाळागाळीचा मोह होणारच. प्रतिसरकारने गावगुंडांना वेसण घातली, न्यायदान मंडळे चालविली, कमी खर्चात लग्ने लावली, हे अभिमानाने सांगितले जाईल. 'पत्री' हे नाव ज्या कठोर शारीरिक शिक्षांशी जोडले गेले, त्यांचा उल्लेख मात्र हळूच टळेल. तो टळता कामा नये. राजवाड्याच्या वाटाड्याकडून जो प्रामाणिकपणा अपेक्षित आहे, तो कुंडलच्या वाटाड्यानेही पाळला पाहिजे. आपल्या बाजूची चूक सांगणाऱ्यावरच श्रोता बाकीच्या गोष्टींसाठी विश्वास ठेवतो.

म्हणून मागणी बंदीची नको, सार्वजनिक वाटेची हवी. सातारा आणि सांगली येथील नगरसंस्थांनी, वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी मिळून शहराचे मार्ग अभ्यासपूर्वक आखावेत. त्यांत राजवाड्याइतकेच स्थान शाळेला, वसतिगृहाला, तुरुंगाला, बाजाराला आणि पूररेषेला असावे. वाटाडे स्थानिक तरुण-तरुणींतून निवडून त्यांना प्रशिक्षण, निश्चित मानधन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. ज्याला स्वतंत्रपणे व्यवसाय करावयाचा आहे त्याने तो खुशाल करावा. पण महिन्यातील किमान एक रविवार असा असावा की, त्या दिवशी शुल्क न देता, मराठीतून, शहरातील कोणत्याही वस्तीतील मुलाला आपले शहर पाहता येईल. पालिकेच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थी सातवी संपण्यापूर्वी एकदा तरी या वाटेने चाललेला असावा.

याला लागणारा खर्च एखाद्या स्वागतकमानीच्या खर्चाहून अधिक नाही. आणि पालिका हलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. येत्या ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी पंचवीस मुले बरोबर घेऊन प्रतापसिंह हायस्कुलापासून कर्मवीरांच्या वसतिगृहापर्यंत चालत जावे. २४ जुलैला सांगलीच्या कार्यकर्त्यांनी तुरुंगाच्या तटापासून कृष्णेच्या काठापर्यंत तेच करावे. भाषणे नकोत. ज्या मुलाने मसूरची हकीकत वाचली आहे, त्याने ती इतरांना सांगावी, आणि सांगून झाल्यावर सर्वांनी एकाच माठातले पाणी प्यावे.