तपासणी मोफत झाली, पण रिपोर्ट वाचायचा कोणी?

राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले. त्याच वर्षी जूनमध्ये आयसीएमआरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला: भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. या दोन बातम्या एकत्र ठेवून पाहिल्या तर प्रश्न पडतो की तपासणी फुकट असताना आपल्या मोहल्ल्यात लोक अजूनही चक्कर येऊन पडल्यावरच का तपासतात?

आधी एक गोंधळ दूर करू. कोल्हापुरात मोठा दवाखाना म्हणजे सीपीआर. पण सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. २०२३ चा निर्णय आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. "सगळं फुकट म्हणाले होते" असा खिडकीवर वाद घालण्याआधी हा फरक माहीत हवा. साध्या शुगरसाठी सीपीआरच्या रांगेत उभे राहायची गरजही नाही. ३० वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासणे हा सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ते होते.

आता आजाराविषयी. "आम्ही गोड खातच नाही, मग शुगर कशी होईल?" हे वाक्य पालकसभेत, लग्नात, सगळीकडे ऐकू येते. टाइप टू मधुमेहात मूळ अडचण अशी की शरीरात इन्सुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. पोटावरची चरबी, बैठे काम आणि घराण्यातला वारसा ही त्याची मोठी कारणे. दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसणारा माणूस शीरखुर्मा न खाताही यात सापडतो. आणि कोल्हापूरकरांना सांगायला जड जाते, पण गुळाचा चहा शुगरवाल्यांसाठी साखरेच्या चहाइतकाच चहा आहे.

उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्रास काही नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. उपाशी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही. "नुसता अर्धा कप चहा" घेतला तरी रिपोर्ट बिघडला. काही जण तर दोन दिवस आधीपासून भात-भाकरी बंद करून रिपोर्ट चांगला आणतात. आमच्या वर्गातही अशी मुले असतात, चाचणीच्या आदल्या रात्री जागणारी. त्यांना पकडणारी परीक्षा म्हणजे एचबीएवनसी. रक्तातल्या लाल पेशी सुमारे चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात जी साखर असेल ती हिमोग्लोबिनला चिकटत राहते. म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ६.५ किंवा जास्त आले तर मधुमेह.

पण याच चाचणीत आपल्या घरातल्या बायकांसाठी एक अडचण आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आहे. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. उलट, खूप रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तर ती कमी दिसते. म्हणून अम्मीचा रिपोर्ट ६.६ आला की लगेच मधुमेहाचा शिक्का मारू नये आणि ६ आला म्हणून निश्चिंतही होऊ नये. सोबत सीबीसी करा, उपाशीपोटीची शुगर पाहा, आणि तिन्ही कागद एकत्र डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन कमी निघाले तर फेरिटिनने लोहाचा साठा कळतो. ही चाचणी तपासण्यांच्या स्वस्त पॅकेजमध्ये बरेचदा नसतेच. साठ-सत्तर चाचण्यांच्या जाहिरातींना भुलण्यापेक्षा लागतील त्या चारच नीट कराव्यात, असे आमचे मत.

ज्यांना शुगर आहेच, त्यांचे "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" हे समाधानही अर्धेच असते. क्रिएटिनिन वाढते तेव्हा किडनीचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी ते कितीतरी आधी दाखवते. वर्षातून एकदा ती आणि डोळ्यांचा पडदा, दोन्ही तपासावे.

रोज्यांचा प्रश्न वेगळा. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जावे, कारण सहरी-इफ्तारप्रमाणे डोस बदलावे लागतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे धोक्याचे. रोज्यात बोटाला सुई टोचून शुगर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून घ्या, पण तपासणे टाळू नका. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. आजारी माणसाला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

कोल्हापुरात या कामासाठी जागा शोधायची गरज नाही. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, प्रत्येक पेठेत जमातीची मस्जिद आहे. शाबानमध्ये एका जुम्म्याला नमाजनंतर आरोग्य केंद्राच्या लोकांना शुगर-बीपी तपासायला बोलावता येईल. बायकांसाठी वेळ मात्र वेगळी ठेवावी लागेल, नाहीतर पुन्हा पुरुषांचेच कागद तयार होतील.