विजेचे सोवळे

पाणी गाळून प्यावे, दूध तापवून प्यावे, हे आपल्याकडे आजीच्या काळापासून चालत आले आहे. आता विजेचीही गाळणी निघाली आहे. तिला पॉवर कंडिशनर म्हणतात. भिंतीतली वीज 'अशुद्ध' असते, ती या पेटीतून घेतली की तंबोरा अधिक गोड वाजतो, असे विक्रेते सांगतात. पेटीची किंमत पुष्कळदा स्पीकरच्या चांगल्या जोडीइतकी असते. आपल्या संगीत मंडळाच्या शिलकीतून ती घ्यावी अशी सूचना आली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वीज निर्मळ असते असे माझे म्हणणे नाही. २३० व्होल्टचा दाब वरखाली होतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सर यांची खरखर तारेत मिसळते. पण ॲम्प्लिफायर ही वीज जशीच्या तशी वापरतो कुठे? आत शिरताच ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, रेक्टिफायर उलटसुलट प्रवाह एका दिशेला वळवतो आणि मोठाले कपॅसिटर त्याचे हेलकावे बुजवतात. गाळणी यंत्राच्या पोटातच आहे. यंत्र बऱ्यापैकी बनवलेले असेल तर बाहेरच्या दुसऱ्या गाळणीला फारसे काम उरत नाही.

कोणी म्हणेल, मग स्पीकरमधून गुणगुण येते तिचे काय? ती तक्रार मात्र खरी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि गुणगुण बहुधा ५० किंवा तिच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. काळी एकमध्ये तंबोरा लावला तर पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर येते. म्हणजे ही गुणगुण उतरलेल्या पंचमासारखी तंबोऱ्याशेजारी बसते. गाणाऱ्याच्या कानाला ती कशी सोसावी? पण तिचे कारण बहुतेक वेळा विजेची अशुद्धता नसून, दोन यंत्रे दोन ठिकाणी अर्थ केलेली असणे हे असते. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात लावून पाहावेत, खर्च शून्य. जुन्या यंत्रात कपॅसिटर दमलेला असतो, तो दुरुस्तीवाला बदलून देतो. काही बहाद्दर प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. गुणगुण थांबते खरी, पण यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर जिवाशी खेळ होईल. हे कोणीही करू नये.

शिवाय आपण ऐकतो काय? १९३७ साली निधन पावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीनेक मिनिटांचे गाणे. त्यातली खरखर तबकडीच्या खाचेत आहे. ती सॉकेटपाशी कशी गाळणार?

"आम्ही कानांनी ऐकले, फरक पडतो," असे काही मित्र म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. पण पेटीची किंमत ठाऊक असली की कानही तिच्या बाजूने साक्ष देतात. आवाज केसभर मोठा झाला तरी तो 'अधिक चांगला' वाटतो. तेव्हा पेटी पडद्याआड ठेवावी, आवाज सारखा राखावा, दुसऱ्याने ती दहाबारा वेळा मनाला येईल तशी लावावी, काढावी, आणि ऐकणाऱ्याने कागदावर उत्तरे लिहावीत. बहुतेक उत्तरे बरोबर आली तर माझे मत खरेदीच्या बाजूने धरावे.

गावाकडे जिथे दाब फार हेलकावतो, तिथे स्टॅबिलायझर जरूर घ्यावा. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीने ॲम्प्लिफायर गुरगुरत असेल तर साइन लहरीचा इन्व्हर्टर घेणे शहाणपणाचे. दाबाचा अचानक झटका अडवणारा साधा सर्ज प्रोटेक्टरही असावा; त्याने यंत्र वाचते, गाणे सुधारत नाही. आणि वळवाचा पाऊस कडकडू लागला की सरळ प्लग काढावा.

राहिली मंडळाची शिल्लक. आपल्या खोलीत टाळी वाजवून पाहा, चारी भिंतींतून घुमते. जाड पडदे आणि एक सतरंजी आधी घ्या. स्पीकरच्या कडा फाटल्या आहेत, त्या बदला. उरलेल्या पैशांत ध्वनिमुद्रिका किती येतील, याचा हिशेब खजिनदारांनी पुढच्या बैठकीत मांडावा.