भाषा बदलली, रंगभूमी नाही: अरुंधती नाग

२००९ सालचा 'पा' आठवतोय ना? अमिताभ बच्चन त्यात ऑरो झाले होते आणि विद्या बालन त्याची आई. पण ऑरोची आजी आठवते का? लग्नाआधी आई होणाऱ्या मुलीच्या पाठीशी आरडाओरडा न करता उभी राहणारी? त्या भूमिकेसाठी अरुंधती नाग यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनेकांना त्यांचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या बेंगळुरूत मात्र हे नाव घरातलंच आहे. आणि त्यांची सुरुवातीची वाट आपल्या मराठी रंगभूमीवरून गेली आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?

अरुंधतीताईंचा जन्म दिल्लीचा. त्या दहा वर्षांच्या असताना कुटुंब मुंबईत आलं. तिथे मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांतून त्या घडल्या. सतरा वर्षांच्या असताना शंकर नाग भेटले. ते होन्नावरचे, पण तेही तेव्हा मुंबईत मराठी नाटकांत रमलेले. १९७८ साली गिरीश कर्नाडांच्या 'ओंदानोंदु कालदल्लि' या चित्रपटाने शंकर यांना कन्नड पडद्यावर आणलं. पुढे दोघांचं लग्न झालं आणि अरुंधतीताई बेंगळुरूला आल्या.

लग्नानंतर गाव बदलणं आपल्याकडच्या बायकांना नवीन नाही. पण विचार करा, अभिनेत्रीची सगळी कमाई तिच्या जिभेवर असते. शब्द कुठे तोडायचा, कुठे थांबायचं, प्रेक्षक कुठे हसणार, हे सगळं त्या त्या भाषेत मुरल्यावरच जमतं. मुंबईत कमावलेलं बाजूला ठेवून नव्या भाषेत पुन्हा उभं राहायचं होतं. त्या राहिल्या. शंकर यांच्या 'संकेत' या नाट्यसंस्थेतून त्यांनी कर्नाडांची 'अंजुमल्लिगे' आणि 'नागमंडल' ही नाटकं केली. जयवंत दळवींचं 'संध्याछाया'ही केलं, कन्नडमध्ये! आपलं नाटक आपल्या ओळखीच्या अभिनेत्रीने दुसऱ्या भाषेत नेऊन तिथल्या प्रेक्षकांना द्यावं, ही किती छान गोष्ट आहे. सोबत 'अ‍ॅक्सिडेंट'सारखे कन्नड चित्रपटही चालूच होते.

मग आला ३० सप्टेंबर १९९०. दावणगेरेजवळच्या मोटार अपघातात शंकर गेले, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. 'मालगुडी डेज'चे हेच ते दिग्दर्शक. त्याच गाडीत अरुंधतीताई होत्या आणि त्यांची लहान मुलगीही. दोघी वाचल्या. अरुंधतीताई गंभीर जखमी झाल्या होत्या.

इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बेंगळुरूत नाटकासाठी चांगली, परवडणारी जागा हवी, हे शंकर यांचं स्वप्न होतं. सरकारकडून जे.पी. नगरमध्ये भूखंड मिळाला, पण इमारत काही आपोआप उभी राहत नाही. देणग्या मागायच्या, कार्यालयांचे उंबरठे झिजवायचे, लोकांना पटवून द्यायचं, या सगळ्यात वर्षं गेली. २००४ साली 'रंगशंकरा' सुरू झालं. शंकर यांना जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं म्हणजे अभिनेत्रीच्या आयुष्यातला केवढा मोठा तुकडा! तो त्यांनी इतरांच्या नाटकांना छप्पर मिळावं म्हणून खर्च केला.

पण त्यांच्यातली अभिनेत्री कुठे हरवली नाही. कर्नाडांचं 'बिखरे बिंब' हे त्यांचं गाजलेलं एकपात्री नाटक. त्यातली लेखिका टीव्ही स्टुडिओत भाषण करून निघते, तर पडद्यावरची तिचीच प्रतिमा बोलू लागते आणि तिचं खोटं एकेक करून उघडं पाडते. म्हणजे रंगमंचावर अरुंधतीताई, पडद्यावरही त्याच. पडद्यावरची बाई आधीच चित्रित केलेली, ती कुणासाठी थांबणार नाही. तिच्या प्रत्येक प्रश्नाला नेमक्या क्षणी उत्तर द्यायचं आणि ते आत्ताच सुचल्यासारखं वाटायलाही हवं! नाटक आणि पडदा, दोन्हींवर हुकूमत असल्याशिवाय हे जमत नाही. २००५च्या 'जोगी' या कन्नड चित्रपटातली त्यांची आईसुद्धा लोकांच्या मनात घर करून आहे. पुढे २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

'आता उशीर झाला, नवीन भाषा काय शिकणार?' असं आपण पटकन म्हणून टाकतो. माझ्या वयाची कितीतरी मराठी मुलं-मुली नोकरीसाठी बेंगळुरूत येतात आणि चार वर्षांनीही 'कन्नड गोत्तिल्ला'च्या पुढे सरकत नाहीत. अरुंधतीताईंनी तर त्याच भाषेत घर केलं, आणि दुःखातून सावरताना त्या घराची दारं सगळ्यांसाठी उघडली.

बेंगळुरूत आलात तर मुलांना घेऊन रंगशंकरात एक नाटक नक्की बघा. कन्नड सगळं कळलं नाही तरी चालेल. मुलांसाठी तिथे 'आहा!' हा खास उपक्रमही आहे. फक्त वेळेआधी पोहोचा. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. मुलांना शिस्त शिकवायला याहून चांगली जागा कुठली?