प्रश्न विचारायचा तर आकड्यानं विचारा



नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार जोरात होता. आमच्या लातूर जिल्ह्यात सोयाबीनची रास होऊन माल घरात पडलेला. एक उमेदवार मारुतीच्या पारावर आले. मी उठून विचारलं, "साहेब, शेतकऱ्यासाठी काय करणार?" त्यांनी दहा मिनिटं भाषण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. घरी येताना ध्यानात आलं की मी प्रश्न विचारलाच नव्हता, नुसती भाषणाला वाट करून दिली होती.

खरा प्रश्न माझ्या मागं बसलेल्या एका काकांनी विचारला. "हमीभाव ४८९२ म्हणता. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावरून माल माघारी येतो. हा १२ चा आकडा कुणी ठरवला? आन् तो बदलता येतो का?" साहेबांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडं बघितलं, कार्यकर्त्यानं मोबाईलात बघितलं. "वर बोलतो," म्हणाले आणि गाडी निघाली.

काकांचा प्रश्न माझ्या घरातला होता. दिवाळीच्या तोंडावर माझा माल केंद्रावरून परत आला होता. ओलावा १४. खताची उधारी, सण, हरभऱ्याची पेरणी, थांबणार कसं? बाजारात ४०५० नं घातला. २२ क्विंटल होता. हमीभावाच्या हिशेबानं १८,५२४ रुपये कमी आले. पुढं १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. मतदान २० तारखेला होतं. म्हणजे आकडा बदलता येत होता, पण तो बदलेपर्यंत माझ्यासारख्यांचा माल गेला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. "काय करणार?" हा प्रश्न बंद करा. ज्याच्या हातात जे आहे तेच त्याला विचारा, आकडा आणि तारीख धरून विचारा.

खासदारकीच्या उमेदवाराला हमीभाव, निर्यात आणि आयात शुल्क विचारा. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के केलं आणि मे २०२५ मध्ये परत १० वर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं की आपल्या सोयाबीनला मार बसतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. विचारा, "असा निर्णय होईल तेव्हा तुम्ही संसदेत कुणाच्या बाजूनं बोलणार?"

आमदारकीच्या उमेदवाराला पीकविमा विचारा. खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला. स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान हे निकष राज्यानं वगळले. राहिला फक्त पीक कापणी प्रयोग. त्याच सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. पूर्वी ७२ तासांत कळवलं तर निदान पंचनाम्याची आशा असायची. विचारा, "ते निकष परत आणणार का? कोणत्या हंगामापासून?"

झेडपीच्या उमेदवाराला कर्जमाफी विचारून उपयोग नाही. त्याला आपला पाझर तलाव विचारा. १०० हेक्टरपर्यंतची सिंचनाची कामं झेडपीकडं असतात. दुरुस्ती कधी, निधी किती, एवढंच.

कुणी म्हणेल, प्रश्न विचारला की विरोधी पक्षाचा शिक्का बसतो. खरं आहे, मी अनुभवलंय. त्यावर उपाय एकच. तीन-चार प्रश्न कागदावर लिहा, गावातल्या दहा-पंधरा जणांनी सह्या करा आणि येईल त्या प्रत्येक उमेदवाराला तोच कागद द्या. उत्तर सगळ्यांसमोर घ्या, तारखेसह लिहून ठेवा. कृषी शाखेतली शिकलेली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना विनंती, आकडे तपासून द्यायला हातभार लावा. चुकीचा आकडा गेला की प्रश्नाची हवाच जाते.

आणि थोडं आपल्याबद्दल. आपण सभामंडप मागतो, तो मिळतो. मग पाच वर्षं त्याच सभामंडपात बसून भावाबद्दल रडतो. जे मागितलं ते मिळालं, यात त्यांची काय चूक?

वहीचं एक पान आत्ताच काढून ठेवा. गाडी पारावर आल्यावर आठवायला बसलात तर माझ्यासारख्या टाळ्याच वाजवाल.