वॉरंटी नाकारायची, तर कारण लेखी द्या

प्रति,
भारतात मोटारगाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापकीय संचालक



मी मुंबईत कांजूरमार्गला राहतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशिनांची देखभाल करून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकी एका कंपनीची गाडी घेतली. किल्ली हातात देताना शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "काका, आता निर्धास्त राहा. काही झालं तर कंपनी आहे." त्या शब्दाचा हिशेब आपल्याकडे मागतो आहे.

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर मी स्वतः बदलतो. गाडीसोबतच्या आपल्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल, कंपनीचेच फिल्टर. सगळी बिलं फाइलला आहेत. तारीख आणि किलोमीटर वहीत आहेत. धुळीच्या भागात एअर फिल्टर लवकर तपासावा, हे आपलंच पुस्तक सांगतं. आमच्या रस्त्यावर मेट्रो ४ चं काम वर्षानुवर्षं चाललं. त्या धुळीत मी आपलीच सूचना पाळली. यात माझा गुन्हा कोणता?

गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच वर जाईना. वॉरंटीची मुदत शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरमध्ये आधी काच नाही, तर गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड पाहिलं. "सर्व्हिस आमच्याकडे नाही, वॉरंटी गेली." काचेची बिघडलेली मोटर दरवाजात, ऑइल बॉनेटखाली. दोघांचा संबंध काय, हे तिथे कुणी सांगू शकलं नाही. नकार लेखी मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी मोटरचे आणि मजुरीचे पैसे मी भरले.

माझ्या हातून चूक झाली असेल, तर तिचा भुर्दंड मी सोसेन. ड्रेन बोल्ट सैल राहून इंजिन बिघडलं, तर आपल्या दारात येणार नाही. पण बिघाड माझ्या कामामुळे झाला, हे आपण दाखवायला नको का?

ही मागणी माझ्या मनची नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगासमोर प्रकरण गेलं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, असं बजावलं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका; त्या कामातल्या चुकीने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारा, हेही सांगितलं. आपल्यापैकी अनेकजण त्याविरुद्ध वर दाद मागायला गेलात. तो आपला हक्क. पण आयोगाने सांगितलेलं तत्त्व आपल्याला माहीत नाही, असं आता कोण म्हणेल? जे बाहेरच्या गॅरेजला लागू, ते मालकाच्या हातांना का नाही?

अमेरिकेत १९७५ पासून कायदाच आहे: कंपनीचाच भाग किंवा कंपनीचीच सेवा पैसे देऊन घ्या, अशी अट वॉरंटीला सहसा जोडता येत नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही घेतल्या. मग तो हक्क सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपाशी येऊन का थांबतो?

आपण बनवलेल्या वस्तूबद्दल आपण दिलेला शब्द म्हणजे वॉरंटी. पाना कुणाच्या हातात होता, यावर तो शब्द फिरवू नका. आपल्याकडे तीन गोष्टी मागतो. मालक स्वतः कोणती कामं करू शकतो आणि कोणते पुरावे ठेवावेत, हे वॉरंटीच्या पुस्तकात मराठीत छापा. जपून ठेवलेली बिलं आणि नोंदी ग्राह्य धरा. आणि वॉरंटी नाकारायची असेल, तर कोणत्या कामामुळे कोणता भाग बिघडला, हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्या.

माझी वही आणि बिलांची फाइल तयार आहे. आपला कागद कुठे आहे?

आपला,
कांजूरमार्गचा एक गाडीमालक